घरचं बजेट: एक तारीख की पाडवा?

आमच्या ऑफिसात महिनाअखेरीला एक विषय हमखास निघतो. पैसे जातात कुठे? मग कुणीतरी नवीन ॲप सुचवतो, कुणी एक्सेलची तयार शीट पाठवतो आणि कुणी तो प्रसिद्ध फॉर्म्युला ऐकवतो: पगाराचे ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला. हा फॉर्म्युला अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरेन बाईंनी (ज्या नंतर सिनेटर झाल्या) आणि त्यांच्या मुलीनं २००५ साली पुस्तकातून गाजवला. चांगला आहे. ज्याच्या खात्यात दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम पडते त्याच्यासाठी खरंच चांगला आहे. मीही त्यातलाच, त्यामुळे तक्रार नाही.

पण मंडळी, मी ज्या घरातून आलो त्या घराला एक तारीखच नसते, त्याचं काय?

आमचं घर भोकरचं. नांदेड जिल्हा, पुढे गेलं की तेलंगणा. पाच एकर कोरडवाहू, त्यात चार एकर सोयाबीन आणि एक एकर कापूस-तूर. अण्णा, माय, दादा, वहिनी आणि त्यांची दोन लेकरं तिथं राहतात. मी पुण्यात कीबोर्ड बडवतो. आता या घराचं वर्ष बघा. मृगाच्या तोंडावर बियाणं आणि खत, त्याच पंधरवड्यात लेकरांच्या वह्या-पुस्तकं-गणवेश. जुलै-ऑगस्टमध्ये खुरपणी आणि फवारणी. मग पोळा, महालक्ष्म्या, दसरा. या चार-साडेचार महिन्यांत घरात येणारा पैसा जवळजवळ शून्य आणि जाणारा पैसा वर्षातला सगळ्यात जास्त! ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, मळणीयंत्रवाला आणि मजूर आपापला हिस्सा घेऊन जातात, उरलेलं आडतीवर जातं आणि हातात पट्टी येते. दिवाळीनंतर कापसाची वेचणी (मजुरी किलोवर), जानेवारीत तूर. एप्रिल-मे लग्नसराई. की परत मृग.

या घराला 'महिन्याचं बजेट करा' म्हणणं म्हणजे धरणाचा साठा वाटीनं मोजायला सांगण्यासारखं आहे. जूनमध्ये दर महिन्याला तूट दिसणार, नोव्हेंबरमध्ये घर श्रीमंत दिसणार. दोन्ही खोटं. आणि नोव्हेंबरचं खोटं जास्त धोक्याचं, कारण गाडी, मोबाईल आणि लग्नातला मानपान हे सगळे निर्णय त्याच महिन्यात होतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की शेतीवर चालणाऱ्या घराचं बजेट वर्षाचं असावं आणि ते पाडव्याला मांडावं. हे मी शोधून काढलेलं नाही हो! आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्यालाच संपतं. मालक आणि गडी बसून वर्षाचे पैसे, धान्य, कपडे, उचल सगळं त्याच दिवशी ठरवतात. म्हणजे जो माणूस दुसऱ्याच्या शेतात राबतो त्याचं वर्षाचं बजेट तोंडी का होईना पण ठरतं, आणि ज्याचं शेत आहे त्याच्या स्वतःच्या घराचं ठरत नाही. गंमतच आहे. निजामाच्या काळात आमच्याकडे महसूल फसली सनानं मोजायचे. फसल म्हणजे पीक. राज्य कसंही असो, वसुली करायची तर वर्ष पिकाच्या हिशोबानं धरावं लागतं इतकं त्याला कळत होतं. सरकारचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, तेही पाडव्याच्या आसपासच पडतं. बँकेचं, सरकारचं आणि सालगड्याचं कॅलेंडर जवळजवळ जुळतं. मग एक तारखेचा आग्रह फक्त आम्हा पगारदारांचा.

बरं, पाडव्याला बसून लिहायचं काय? जमेच्या बाजूलाच पेन अडतं, कारण पीक किती येईल आणि भाव काय लागेल हे दोन्ही माहीत नसतं. बरेच लोक इथंच वही मिटतात. 'पाऊस आपल्या हातात हाय का? मग बजेट कशाचं करता?' हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की तो पाठ आहे.

याला उत्तर म्हणून मी सरकारी बजेटकडे बोट दाखवतो. आमच्या नांदेडच्या शंकरराव चव्हाणांनी १९८९ साली देशाचा अर्थसंकल्प मांडला होता, त्यामुळे नांदेडच्या माणसानं बजेटला घाबरायचं काही कारण नाही :-) तर सरकारी बजेटच्या कागदात एकाच बाबीसमोर वेगवेगळे आकडे असतात. आधी धरलेला अंदाज, मग वर्ष सरताना केलेला सुधारित अंदाज, आणि हिशोब पुरा झाल्यावर प्रत्यक्ष. देशाच्या अर्थमंत्र्यालासुद्धा अंदाज सुधारावा लागतो आणि त्यासाठी छापील रकाना असतो. त्यात कुणी लाजत नाही. मग आपल्या वहीत तो रकाना का नको?

आमचंच उदाहरण घ्या. चार एकर सोयाबीन, एकरी सात क्विंटल धरलं तर २८ क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. गुणाकार केला की १,४९,१८४ रुपये. हा झाला स्वप्नातला आकडा. आता तेच २८ क्विंटल चार हजारांनी विकून बघा: १,१२,०००. आणि काढणीच्या तोंडावर पाऊस पडला, उतारा एकरी पाचवर आला आणि भावही चारच हजार राहिला, तर ८०,०००. शेत तेच, मेहनत तीच, आणि वरच्या आकड्यापासून खालच्या आकड्यापर्यंत ६९ हजारांचा फरक. आणि यातून बियाणं-खत-मजुरी अजून वजा झालेलीच नाही.

हे आकडे काही घाबरवायला काढलेले नाहीत. २०२४ च्या दिवाळीत हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मिळत होते. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला नांदेड-हिंगोली-परभणीत पाणीच पाणी झालं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. उलटं उदाहरणही आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं होतं. लोकांनी उभ्या पिकाकडे बघून दहा हजारांनी गुणाकार केले. पण ऑगस्टमध्ये शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन असतं कुठे? ऑक्टोबरात माल निघाला तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर आला होता.

तेव्हा माझा आग्रह असा की खर्च कायम सगळ्यात खालच्या आकड्यावर बसवावा. वरच्या आकड्यातलं जे काही खरंच हातात येईल त्याचं काय करायचं तेही पाडव्यालाच लिहून ठेवावं, पट्टी हातात पडल्यावर नाही. पट्टी हातात असताना माणूस वेगळाच असतो.

आता खर्चाकडे येतो. इथं मला बजेटच्या पुस्तकांशी भांडायचं आहे. सगळी पुस्तकं खर्च कमी करा म्हणतात. चहा बाहेर पिऊ नका, हॉटेल टाळा. अहो, आमच्या मायनं उभ्या आयुष्यात हॉटेलात किती वेळा जेवण केलं ते मी बोटांवर मोजून दाखवतो. तिथं कापण्यासारखं काही नाही. असल्या घरात पैसा गळतो तो उधारीतून, आणि उधारी खर्च म्हणून दिसतच नाही.

कृषी सेवा केंद्रात बहुतेक ठिकाणी रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. समजा एक हजाराची वस्तू उधारीवर अकराशेला दिली आणि पैसे पाच महिन्यांनी सोयाबीनवर द्यायचे. शंभर रुपये जास्त गेले, त्यात काय एवढं? पण पाच महिन्यांना दहा टक्के म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. खाजगी सावकाराकडे तर भाषाच अशी असते की कळू नये. 'शेकडा तीन'. ऐकायला तीनच वाटतात. महिन्याला तीन म्हणजे वर्षाला छत्तीस! दुसरीकडे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं, हे २०२१-२२ पासून आहे. एकाच घरात एकाच वेळी शून्य, चोवीस आणि छत्तीस टक्क्यांचं कर्ज असू शकतं, आणि ते तिघं तीन वेगळ्या खिशात असल्यामुळे कुणीच त्यांना शेजारी शेजारी ठेवून बघत नाही.

मग फेडलं कुणाचं जातं आधी? जो रस्त्यात रोज भेटतो त्याचं. किराणावाला भेटतो, खतवाला भेटतो, सावकार तर घरीच येतो. बँक भेटत नाही. शिवाय बँकेच्या बाबतीत एक आशा असते, माफी होईल म्हणून. २००८ ला झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. कर्जमाफी असावी की नसावी यावर मी इथं वाद घालणार नाही, ज्या वर्षी पीकच गेलं त्या वर्षी माणसानं फेडायचं कशातून हा प्रश्न खरा आहे. पण बजेटच्या जमेच्या बाजूला 'कर्जमाफी' ही ओळ कधीही लिहू नये. ती आली तर सुधारित अंदाजात धरावी. तिच्या भरवशावर मुदत हुकवली तर शून्य टक्क्याची सवलत मात्र नक्की जाते. आणि २०१९ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांसाठी पन्नास हजारांपर्यंतची प्रोत्साहन रक्कम होती, ती २०२२ मध्ये वाटली गेली, हेही लक्षात असू द्यावं.

हे सगळं लिहायला सोपं आहे. खरा अडसर आकड्यांचा नाहीच. खरा अडसर असा की घरातले सगळे आकडे कुणाही एका माणसाला माहीत नसतात, आणि ज्याला माहीत असतात तो सांगत नाही.

आमच्या अण्णांची एक खिशातली डायरी होती. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षं कोरडी गेली. (लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते २०१६ च्या एप्रिलमध्ये.) त्या दोन वर्षांत डायरीत किती भर पडली ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मायला कळलं ते एका दुकानदाराच्या तोंडून, भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. ती साखर न घेता परत आली. घरी येऊन ओरडली नाही, रडली नाही. फक्त विचारलं, "मला काहून सांगितलं नाही?" अण्णा म्हणाले, "तुला कशाला घोर?" हे ते खरंच मायेपोटी म्हणाले होते. मराठवाड्यात हजारो घरांत हे वाक्य असंच मायेपोटी म्हटलं जातं.

आणि याच वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. २०२३ या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात नांदेड जिल्ह्यातले १७५. प्रत्येकामागची कारणं वेगळी असतील, आणि एका वहीनं त्या थांबल्या असत्या असं म्हणण्याइतका मी मूर्ख नाही. पण कर्त्या माणसानं एकट्यानं आकडा डोक्यात बाळगणं हे त्या गोष्टीतलं एक पान असतंच. मागं राहिलेल्या बाईला तेराव्यानंतर एकेक जण येऊन सांगतो, तुमच्या मालकाकडे माझे इतके होते. खरं किती, खोटं किती, ती काय तपासणार? तिच्याकडे कागद नसतो. सरकारी मदतीसाठी कर्ज दाखवायचं तर ते बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. हातउसने धरले जात नाहीत.

तेव्हा माझ्या दृष्टीनं घरच्या बजेटचं पहिलं काम बचत हे नाहीच. एकाच्या डोक्यातला आकडा सगळ्यांच्या कानावर घालणं हे पहिलं काम.

आणि कानावर कसा घालायचा हे गावातल्या बायकांना चांगलं माहीत आहे. बचत गटाची पंचसूत्री असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि हिशोब लिहिणं. दहा-पंधरा-वीस बायका गोल बसतात आणि कुणी किती घेतलं, किती फेडलं, किती राहिलं हे सगळ्यांसमोर वाचलं जातं. जिचं थकलं तिनं तिथंच सांगायचं, का थकलं ते. मग हप्ता पुढे ढकलायचा की नाही ते सगळ्या मिळून ठरवतात. लाज वाटत नाही का? वाटते की. पण सगळ्याच वाचल्या जातात म्हटल्यावर ती वाटली जाते. नाबार्डनं १९९२ साली गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला तेव्हापासून लाखो बायका हे करताहेत. बाहेर वीस जणींसमोर हिशोब वाचणारी बाई घरी आली की मात्र नवऱ्याला विचारायचं, 'किती उधारी हाय?' आणि त्यानं म्हणायचं, 'तुला काय करायचं?' हे मला विचित्र वाटतं.

आमच्या वहिनी अशाच एका गटाच्या सचिव आहेत. २०१७ च्या पाडव्याला त्यांनी गटातल्यासारखीच लांब वही काढली, जेवणं झाल्यावर ओसरीवर सगळ्यांना बसवलं आणि म्हणाल्या, ज्याच्या त्याच्या डोक्यातलं सांगा, मी लिहिते. अण्णांना ते अजिबात आवडलं नव्हतं. "लेकरायसमोर कर्ज वाचायचं का आता?" माय म्हणाली, "दुकानदारानं सांगायच्या आधी घरातच कळलं तर काय वाईट हाय?" त्यावर अण्णांनी डायरी काढून दिली. स्वतः वाचली नाही, वहिनींच्या हातात दिली. तेव्हापासून दर पाडव्याला आणि सोयाबीन विकल्यावर, असं वर्षातून दोनदा हे वाचन होतं. लेकरं बसतात. लेकरांसमोर नको हा आक्षेप मला पटत नाही, कारण घरातल्या ताणाचा वास लेकरांना आधीच आलेला असतो. आकडा कळला की निदान त्यांची कल्पनाशक्ती तरी थांबते. पुतण्यानं एका वर्षी स्वतःहून सांगितलं की सहलीचे पैसे दिवाळीनंतर भरायचे असतात तरच जाईन. मला ते ऐकून बरंही वाटलं आणि वाईटही. हे दोन्ही वाटणं खरं आहे, त्यामुळे लेकरांना बसवण्याची किंमत शून्य आहे असा दावा मी करत नाही.

अजून एक ओळ त्या वहीत असते, ती माझी. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा दर महिन्याला घरी काही पाठवतो, त्याची. ही रक्कम बहुतेक घरात वडिलांच्या मोबाईलवर जाते आणि तिथंच विरते. माझं म्हणणं, तीही वहीत लिहावी, 'पाठवलेले' म्हणून नाही तर साधी जमा म्हणून, सोयाबीनच्या खाली. आणि पाठवणाऱ्यानं ऑडिटर होऊ नये! शहरातल्या मुलांना ही खोड फार. दहा हजार पाठवायचे आणि फोनवर विचारायचं, एवढा किराणा कसा लागला? ज्याला जाब विचारायचाय त्यानं पाडव्याला रात्रीची गाडी पकडून नांदेडला उतरावं, एसटीनं भोकर गाठावं, ओसरीवर बसावं आणि आपला खर्चही वाचून दाखवावा. मी पुण्यात हॉटेलवर वर्षाला किती उडवतो तेही त्या वहीत आहे. तो आकडा ऐकून माय जे बघते ते ॲप कधीच बघू शकणार नाही.

जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे दीड हजार सुरू झाले, ही अनेक शेतकरी घरांतली पहिली अशी जमा जी महिन्याची आहे आणि बाईच्या नावावर आहे. त्यावर राजकीय वाद भरपूर झाले. बजेटपुरतं बोलायचं तर ज्या घरात उधारीचा आकडा बाईला माहीत नसतो, तिथं ते पैसे नकळत उधारीतच जातात. माहीत असेल तर निदान कोणत्या उधारीत घालायचे ते ती ठरवू शकते.

साधनाबद्दल विचाराल (आणि कमेंटमध्ये विचाराल हे मला माहीत आहे), तर मी सॉफ्टवेअरवाला असूनही ॲपच्या विरोधात आहे. ॲप एका मोबाईलमध्ये असतं, मोबाईल एका खिशात असतो, म्हणजे परत डायरीच झाली. जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची छापील वही काढली, ती पद्धत आजही तिथं चालते, कागदावर. आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितात ना, तसं. तिथं कुणीही लिहू शकतं, कुणीही वाचू शकतं, आणि पाहुण्यालासुद्धा कळतं की परवा दूध आलं नव्हतं. त्याच्याइतका उघडा हिशोब मी अजून कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेला नाही.

यंदाच्या वहीत दोन मागण्या आहेत. दादाला बोअर मारायचाय, वहिनींना पिको-फॉलचं मशीन घ्यायचंय. खालच्या आकड्यात दोन्ही बसत नाहीत. मधल्या आकड्यात मशीन बसतं. वरच्या आकड्यात बोअर बसतो, पण पाणी लागलं तर. अण्णांनी दोन्हींसमोर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. ऑक्टोबरात पट्टी आली की कळवतो.